तनीच्या वेळच्या खुर्च्या

चष्मा डबीत घालता घालता धर्मराजन थांबले आणि त्यांनी एकदम हात वर केला, तेव्हा कोदैला वाटलं आपल्या खांद्यावर पाल पडली. ती हलली नाही. धर्मराजन मात्र तिच्याकडे पाहतच नव्हते. काउंटरमागच्या फळीवर, भिंगांच्या पाकिटांच्या वर, जुना रेडिओ चालू होता आणि त्यांचे डोळे त्याच्या जाळीवर लागले होते. “डावी ऐका,” ते म्हणाले. “उजवी सगळेच वाजवतात. डावी ऐका, डावी. अहाहा. सारनाथन! दुसऱ्या कुणाची असूच शकत नाही.” मग हात खाली आला, चष्मा डबीत गेला, डबी पिशवीत गेली. पावतीवर पद्मासनी सारनाथन असं नाव होतं आणि ती पावती त्यांच्या अंगठ्याखालीच होती, पण माइलापुरात सारनाथन काय थोडे आहेत. कोदै म्हणाली, “हो का?” आणि पिशवी घेऊन बाहेर पडली. देवळामागच्या गल्लीत फुलवाल्या बायका मोगऱ्यावर पाणी मारत होत्या. तिथे पोचल्यावर तिच्या पायांनी चालायचं थांबवलं. ती त्या दुकानात चांगली दहा मिनिटं होती. आईच्या फ्रेमचा स्क्रू बसवून होईपर्यंत ती स्टुलावर बसून आरशांतून स्वतःला टाळत होती, आणि ती दहाही मिनिटं तिचे वडील तिच्या डोक्यापासून हातभर अंतरावर मृदंग वाजवत होते. चार महिन्यांपूर्वी ज्यांना तिने बेसंटनगरच्या विद्युतदाहिनीत नेलं होतं ते. चष्मेवाल्याने त्यांना ओळखलं होतं. तिच्या कानावर ते फक्त आवाज म्हणून पडले होते, पंख्याचा पडतो तसे.

घरी आईने नवा चष्मा लावून आधी भिंतीवरचं कॅलेंडर वाचलं, मग तिचा चेहरा वाचला. “काय झालं?” “काही नाही. ऊन होतं.” भाष्यममामांनी आणून दिलेला पेनड्राइव्ह सप्टेंबरपासून टीव्हीच्या कपाटात, वाढदिवसाच्या मेणबत्त्यांशेजारी पडला होता. भाष्यम हे मैफली भरवणाऱ्या एका जुन्या सभेचे सेक्रेटरी. पंधरा सालच्या पुरात त्यांच्या तळघरातल्या कॅसेटी भिजल्या. आतली फीत बऱ्यापैकी वाचली आणि पेनड्राइव्हवर उतरवली गेली, पण वरच्या चिठ्ठ्या धुऊन गेल्या. कोण गातोय ते कुणीही सांगू शकत होतं. साथीला मृदंगावर कोण, ते अकरा कॅसेटींच्या बाबतीत कुणालाच सांगता येत नव्हतं, आणि सभेला मार्गळीच्या, म्हणजे डिसेंबरातल्या मैफलींच्या, मोसमात सारनाथन यांच्या स्मरणार्थ एक सीडी काढायची होती. “तू सांग,” भाष्यम म्हणाले होते, कॉफी पेल्यातून वाटीत, वाटीतून पेल्यात ओतत. “पोटची पोर तू. बापाचा हात तुला नाही कळणार तर कुणाला?” कोदैने पेनड्राइव्ह घेतला होता आणि ऐकते म्हणाली होती. ती शाळेच्या इतिहासाच्या पुस्तकांची मुद्रितं तपासते. एखादा स्वल्पविराम कुठल्या लेखकाने टाकला असेल आणि कुठल्या संपादकाने, हे तिला पानाकडे पाहून कळतं. घरात भिंतभर पुस्तकं आहेत आणि त्यातली बहुतेक तिने दोनदा वाचलेली आहेत. ही भिंत तिने वडिलांच्या खोलीच्या बाजूलाच उभी केली होती. आवाज कमी येतो, असं कारण तिने तेव्हा उघडपणे सांगितलं होतं, आणि ते हसले होते.

घरात रव्याचे दोन डबे असायचे. एक पितळेचा, उपम्याचा. एक अॅल्युमिनियमचा, मृदंगाचा. पखवाजाला कणीक लावतात तसा मृदंगाच्या डाव्या तोंडाला ते मैफलीच्या आधी रवा भिजवून थापायचे, थोडासा, मग वाजवून बघायचे, मग चिमूटभर आणखी, आणि मैफल संपली की सुरीच्या पाठीने तो खरवडून टाकायचे. उजव्या तोंडाला कायमची काळी शाई असते. डावी रोज नव्याने जुळवावी लागते. सहा वर्षांची असताना एकदा तिने तो रवा स्वतः थापून पाहिला होता, त्यांच्यासारखाच, ओल्या तळव्याने, गोल. मग हाताने मारून पाहिलं. आतून एखादं जनावर झोपेत बोलावं तसा आवाज आला आणि ती आनंदाने ओरडली. ते दारात उभे होते. रागावले नाहीत. त्यांनी ओल्या पंच्याने तिचे हात बोटाबोटाने पुसले आणि म्हणाले, “मुलींनी यावर बसायचं नसतं, कण्णे. हात राठ होतात. गाणं शिक हवं तर.” दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला कोपऱ्यावरच्या पोस्टमास्तरांचा वरदन शिकायला आला. तो तिच्याच वर्गात होता आणि त्याचं नाक सदा वाहायचं. तो आला की आई तिला आत बोलावून घ्यायची. स्वयंपाकघरात बसून तिने पाढे पाठ केले, मग व्याकरण, मग कादंबऱ्या. भिंतीपलीकडून वरदनचे चुकलेले हात यायचे आणि वडिलांचा आवाज, “पुन्हा. पुन्हा घे राजा.” राजा! बाराव्या वर्षी आलेल्या पाहुण्यांनी विचारलं, तुला गाण्यातलं काय कळतं गं, तेव्हा ती वडिलांसमोर म्हणाली, “मला गाणं आवडत नाही.” पाहुणे हसले. वडीलही हसले. त्या दिवसापासून हे जणू तिचं गोत्र झालं. नातेवाईक कौतुकाने सांगायचे, सारनाथनची मुलगी आणि ताल म्हणजे काय ते माहीत नाही, दिव्याखालचा अंधार बघा. ती बत्तीस वर्षं हा अंधार मन लावून सांभाळत आली.

पुढच्या शनिवारी ती आईच्या चष्म्याची दांडी घट्ट होते असं सांगत दुकानात गेली. दांडी घट्ट होत नव्हती. धर्मराजननी ती काढून, फुंकर मारून, तशीच परत बसवली. मग तिने विचारलं, “परवा तुम्ही डावी म्हणालात. ती कशी ऐकायची असते?” म्हाताऱ्याने चष्म्यावरून पाहिलं. सत्तरी उलटलेला माणूस, शर्टाच्या खिशात चार स्क्रू-ड्रायव्हर, कपाळाला विभूती. “किती ऐकलंय आजवर?” “काहीच नाही.” “राग ओळखता येतात?” “नाही.” “उत्तम. अर्धवट कळणाऱ्यांनी उच्छाद मांडलाय. राग-बिग सोडा. उजवा हात मांडीवर ठेवा.” तिने ठेवला. “एक टाळी. मग करंगळी, अनामिका, मधलं बोट. झाले चार. पुन्हा टाळी, हात उलटा. टाळी, हात उलटा. आठ. पुन्हा पहिल्यापासून. दुसरं काही करायचं नाही. कुणी कितीही लाडीगोडी लावली, गाणारा वर गेला, व्हायोलिन रडलं, तरी आठ सोडायचे नाहीत. महिनाभर.” “आणि ऐकायचं कधी?” “हेच ऐकणं. बाकी सगळं आपोआप येऊन या आठांवर बसतं, तारेवर कावळे बसतात तसं.” गिऱ्हाईक आलं म्हणून ते उठले. कोदैचा हात मांडीवरच होता. करंगळी, अनामिका, मधलं बोट. ही हालचाल तिने कुठेतरी पाहिली होती, कुठे ते आठवेना. ते तिला घरी जाताना, एकवीस नंबरच्या बसमध्ये, कळलं.

जूनमध्ये, शेवटच्या नऊ दिवसांत, वडील बोलत नव्हते. ती खुर्ची ओढून पलंगाशी वाचत बसायची. त्यांचा उजवा हात चादरीवर हलत असायचा. हात उचलून पडायचा, मग बोटं एकेक करून टेकायची. ती नर्सला म्हणाली, हाताला कंप सुटलाय. नर्स म्हणाली, वयामुळे होतं, मॅडम. पण ते हलणं डोळ्यांच्या कडेला सारखं दिसत राहायचं आणि वाचताना ओळ सुटायची, म्हणून तिने तो हात उचलून पांघरुणाखाली ठेवला आणि कड गादीखाली खोचली. अलगदच ठेवला. कुणी पाहिलं असतं तर मुलगी किती मायेने करते असंच म्हणालं असतं. नंतर पांघरूणही हललं नाही. ती बसमध्ये पुढच्या सीटची दांडी धरून बसली, आणि मांडीवर मोकळ्या राहिलेल्या हाताने मोजणं चालू ठेवलं, कारण थांबवलं असतं तर काय झालं असतं याची तिला खात्री नव्हती.

सहा आठवडे ती मोजत राहिली. मुद्रितं तपासताना डावा हात कामाला लावून उजवा टेबलाखाली. दूध तापेपर्यंत. आधी आठ सुटायचे, गाणारा एखाद्या शब्दाला असा काही वळवायचा की तिची करंगळी लाजून थांबायची. मग एके दिवशी सुटले नाहीत. मग तिला कळू लागलं की काही गाणी टाळीवर सुरूच होत नाहीत, टाळी रिकामी जाते, अर्धी मात्रा सरते आणि मग शब्द पाऊल टाकतो, उंबऱ्यावरचा शिपाई चुकवून आत शिरावं तसा. हे कळल्यावर तिला इतका आनंद झाला की ती उठून आईला सांगायला गेली आणि दारातून परत फिरली. या वयात हा आनंद तिला शोभत नव्हता, आणि ज्याला सांगायचा तो माणूस नव्हता. दर शनिवारी ती दुकानात जायची. आपण कोण ते तिने सांगितलं नाही. धर्मराजननाही शिष्या मिळाल्याचा रुबाब चढला होता. ते गिऱ्हाइकांना सांगत, थांबा जरा, बाईंचा ताल चाललाय. एका शनिवारी तिने सहज विचारल्यासारखं विचारलं, “सारनाथन एवढे मोठे, मग त्यांचं नाव का झालं नाही?”

“चुकला ना,” धर्मराजन म्हणाले. “एकदाच. पण जागा वाईट. गवई मरुदूर वांछिनाथन तेव्हा ऐन भरात, आणि सारनाथन त्यांचा उजवा हात. मार्गळीतली मोठी बैठक. तनी झाली, म्हणजे मृदंगाचं एकट्याचं वाजवणं, आता गाण्यावर यायचं, आणि शेवटचा तुकडा गडी गुंडाळूच शकला नाही. मध्येच तुटला. दुसऱ्या दिवशी पेपरात एक ओळ आली. वांछिनाथन वाईट बोलले नाहीत हं, सज्जन माणूस. फक्त पुन्हा बोलावलं नाही. आणि त्यांनी नाही बोलावलं म्हटल्यावर इतर कोण बोलावणार?” त्यांनी भिंग कपड्याने पुसलं. “मी होतो त्या बैठकीला.” कोदैचा हात मांडीवर थांबला. “तुम्ही ऐकलंत?” “म्हणजे, तनी लागली तसा मी बाहेर गेलो. कॉफीला. तेव्हा नाही गेलात तर नंतर रांग बघा केवढी. परत येताना दारातच लोक सांगत होते, चुकला म्हणून.” हे ते ज्या निर्मळपणे बोलले त्यामुळे तिला प्रथम काही वाटलंच नाही. सगळेच जातात. गाणं थांबतं, मृदंग एकटा वाजू लागतो, आणि अख्ख्या सभागृहाला लघवी, कॉफी, बोंडे आणि घरचे फोन आठवतात. खुर्च्यांच्या बैठका पाठीवर आपटतात, पैठणीच्या वजनाची कांजीवरम लुगडी सरसरतात, चपला शोधल्या जातात. ती लहानपणी आईचं बोट धरून प्रत्येक तनीला बाहेर गेली होती. तनी म्हणजे बोंडा, हेच तिचं संगीताचं पहिलं ज्ञान. “घरात दिवसभर तेच ऐकते, इथे पुन्हा कशाला,” आई म्हणायची, आणि बाकीच्या मामी हसून म्हणायच्या, खरंच बाई. व्यासपीठावरून पहिल्या रांगेतल्या मायलेकींच्या दोन रिकाम्या खुर्च्या नेमक्या समोर दिसत असणार. हा विचार तिने आजवर केला नव्हता.

त्या बैठकीची कॅसेट तिला दुसऱ्याच दिवशी सापडली, रविवारी दुपारी, आई झोपली असताना. वडिलांचा हात तिने ओळखला नाही. हे तिला नंतर कुणालाच सांगता आलं नसतं. तिने आधी सहा कॅसेटी ऐकल्या होत्या, त्यातल्या डाव्या बाजूचे सगळे हुंकार तिला सारखेच खोल वाटले होते, आणि सातवीत गाणं थांबलं, तनी सुरू झाली, खुर्च्या वाजू लागल्या, आणि त्या खुर्च्यांच्या गलक्यातून, माइकच्या अगदी जवळून, एका मुलीचा खणखणीत आवाज आला: “अम्मा, संपलं ना? आता बोंडा?” आजूबाजूचे लोक हसले. एक पुरुषी आवाज म्हणाला, “सारनाथनची का? भले!” आणखी हसणं. पावलं लांब गेली. कोदैने हेडफोन काढून मांडीवर ठेवले. हेडफोनमधून, मांडीवर, मृदंग वाजतच राहिला, लहान, डबीतल्या किड्यासारखा. नऊ वर्षांची होती ती. स्वतःला ओळखायला तिला एक क्षणही लागला नव्हता.

मग तिने रेकॉर्डिंग मागे नेलं आणि मोजायला सुरुवात केली. हे गाणंही टाळी रिकामी सोडून, अर्ध्या मात्रेनंतर उचलायचं होतं. आता सभागृह रिकामं होतं, ते ऐकू येत होतं. आवाज भिंतीवर जाऊन परत येत होता. नियम असा की तनी चालू असताना गायकाने हाताने ताल धरायचा. मृदंगवाला जंगलात शिरतो, त्याची घरची वाट गायकाच्या हातात असते. तिला झाकण उघडल्याचा आवाज आला. स्टीलच्या थर्मासचं. काहीतरी ओतलं गेलं. कुणीतरी कुजबुजलं, वांछिनाथनांचा तो प्रसिद्ध घोगरा स्वर काहीतरी उत्तर देत हसला. मृदंग चालूच होता. आठ, आठ, आठ. शेवटचा तुकडा आला, जो तीनदा वाजवतात आणि तिसऱ्यांदा संपताना बरोबर गाण्याच्या उंबऱ्यावर आणून सोडतात. पहिल्यांदा. दुसऱ्यांदा. तिसऱ्यांदा तो सुरू झाला, तिचा हात आठावर उलटा झाला, टाळीला खाली आला, आणि टाळीवरच गाणं सुरू झालं. वांछिनाथननी ते अर्धी मात्रा आधी उचललं होतं. तुकड्याचे शेवटचे दोन ठोके वाजलेच नाहीत. तो मध्येच तुटला, कुणी चुकावं तसा. आणि पुढच्या ओळीत वांछिनाथननी एक अक्षर किंचित लांबवलं, रबर ताणावं तसं, बरोबर अर्धी मात्रा, आणि मग सगळं पुन्हा जागेवर आलं. म्हणजे त्यांना कळलं होतं. कळल्याशिवाय ते अक्षर लांबत नाही. तिने चौदा वेळा ऐकलं. चौदाही वेळा वडील बरोबर होते, आणि चौदाही वेळा त्यांनी आपले दोन ठोके गिळून गायकाला वाट दिली. साथ करणाऱ्याने गायकाला उघडं पाडायचं नसतं. सभागृहातल्या सातशे माणसांपैकी मोजणारं कुणी असतं, तर ती अर्धी मात्रा कुणाच्या पदरात पडायला हवी ते तिथल्या तिथे ठरलं असतं. पण सातशे माणसं बोंड्याच्या रांगेत होती, आणि त्यांच्या पुढे ती.

तिने लॅपटॉप दुकानात नेला. धर्मराजननी मोजत ऐकलं, दोनदा. दुसऱ्या वेळी त्यांनी स्वतःचा चष्मा काढला, जणू ऐकू येण्यात तो मध्ये येत होता. “पस्तीस वर्षं मी लोकांना सांगत आलोय,” मग ते म्हणाले. “इथे बसून. येईल त्याला.” “आता हे सांगा.” “कुणाला सांगू, बाई? ऐकणारे मेले.” “तुम्ही होतात तिथे.” “मी कॉफी पीत होतो,” ते जवळजवळ रागाने म्हणाले. मग त्यांचं लक्ष तिच्या चेहऱ्याकडे गेलं, कपाळाकडे, भुवयांकडे, आणि हळूहळू त्यांचा हात काउंटरवरच्या जुन्या पावत्यांच्या तारेकडे गेला. त्यांनी पावती शोधली नाही. “तुम्ही त्यांच्या कोण?” त्यांनी विचारलं, आणि उत्तराची वाट न बघता मान खाली घातली.

भाष्यममामा सभेच्या कचेरीत निमंत्रणपत्रिकांना कुंकवाचं बोट लावत बसले होते. त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं, हे मान्य करायला हवं. “अगं पोरी,” ते म्हणाले, “वांछिनाथन सर ब्याऐंशी वर्षांचे. दिवा तेच लावणार. साठ वर्षं गातायत ते. तू किती दिवस ऐकतेयस?” “सहा आठवडे.” “बघ म्हणजे.” “मामा, मोजायला सहा आठवडे लागत नाहीत. तुम्ही मोजा. आत्ता.” भाष्यमांनी कुंकवाचं बोट धोतराला पुसलं नाही, अधांतरी धरलं. “समजा, तू म्हणतेस तसं असेल. पण मेलेल्या माणसाला त्यातून काय मिळणार? आणि तसंही तनी आम्ही काढून टाकतोय. सीडीवर तनी कोण ऐकतं? लोक पुढे ढकलतात.” “मृदंगवाल्याच्या स्मरणार्थ सीडी, आणि तनी काढून?” “त्याची साथ आहे ना त्यात. साथ फार सुंदर आहे.” तिने आपला आवाज खाली आणला. चिडली की ती पुस्तकी बोलते. “तनी पूर्ण राहणार नसेल तर कुटुंबाची संमती मिळणार नाही.” भाष्यमांनी तिच्याकडे खऱ्या कणवेने पाहिलं. “संमतीच्या कागदावर तुझ्या आईंनी गेल्या आठवड्यातच सही केली, कोदै. तू बोलली नाहीस वाटतं त्यांच्याशी.”

आई तांदूळ निवडत होती. नवा चष्मा नाकाच्या टोकावर. कोदैने उभ्या उभ्याच सगळं सांगितलं, अर्ध्या मात्रेसकट, थर्माससकट, आणि आईने एकही खडा न चुकवता ते ऐकलं. “ठाऊक आहे मला,” ती म्हणाली. “काय ठाऊक आहे?” “त्याच दिवशी घरी आल्यावर सांगितलं त्यांनी. कपडेसुद्धा बदलले नव्हते. म्हणाले, पद्मा, तुझ्या माहेरी मुलं रडतात तीसुद्धा तालात. तुझा हात चालू असेल. तू मोजत होतीस ना?” “मग?” “मग काय? म्हटलं, पोरीला बोंडा हवा होता, तिला घेऊन गेले होते.” कोदै खाली बसली. आईच्या सुपात तांदळाचा ढीग एका बाजूकडून दुसऱ्या बाजूकडे सरकत होता. “आणि ते काय म्हणाले?” “म्हणाले, खाल्ला का तिने? आणि आत जाऊन मृदंगावरचा रवा खरवडला.” “तू एवढी वर्षं कुणालाच सांगितलं नाहीस?” “काय सांगू? नवऱ्याने सांगितलं म्हणून? बायको कोर्टात चालते का कुठे? बसले असते तर सांगितलं असतं. मी बसले नव्हते.” आईने सूप खाली ठेवलं. “मला तर वाटायचं तुला ते आवडत नाहीत. म्हणून तुला नाही सांगितलं. म्हटलं, चुकणारा माणूस आहे असं समजून तुला बरं वाटत असेल, तर वाटू दे.” हे बोलून झाल्यावर दोघी एकमेकींकडे पाहत राहिल्या नाहीत, आईने दुसरं सूप घेतलं. कोदैला आठवत होतं: त्याच हिवाळ्यात एका सकाळी आईने अॅल्युमिनियमच्या डब्यातला रवा पितळेच्या डब्यात ओतला होता. तिला वाटलं होतं, डबा घासायचा असेल. त्या आठवड्यात घरात तीनदा उपमा झाला आणि वडिलांनी तिन्ही वेळा मागून घेतला.

मार्गळीच्या संध्याकाळी सभागृह भरलं होतं. वडिलांचा फोटो जरा जास्तच मोठा केला होता, त्यामुळे त्यांचं हसणं धूसर झालं होतं. वांछिनाथनांना दोघांनी धरून आणलं. त्यांनी दिवा लावला, आईच्या खांद्यावर शाल घातली आणि माइकसमोर उभं राहून त्या घोगऱ्या, अजूनही देखण्या स्वरात म्हणाले, “सारनाथन मला धाकट्या भावासारखा. माणसाच्या हातून एखाद वेळी चुकतं. ते मी कधी मनात ठेवलं नाही.” टाळ्या पडल्या. कोदै उठून उभी राहू शकली असती. वाक्यं तिच्याकडे तयार होती, चांगली, विरामचिन्हांसकट. तिने म्हाताऱ्याच्या मानेवरची सैल कातडी पाहिली आणि तिला दिसलं की त्याला आता हेच खरं आठवत होतं. त्याच्याही आत कुणी मोजणारं उरलं नव्हतं. मागे कुठेतरी धर्मराजन बसले होते. तेही उठले नाहीत.

भाषणांनंतरच्या मैफलीत मृदंगावर वरदन होता. आता पंचेचाळिशीचा, केस मागे गेलेला, नाक कोरडं. गाणं चढत गेलं, थांबलं, आणि तनी सुरू झाली. तिने उजवा हात मांडीवर ठेवला. टाळी, करंगळी, अनामिका. मागे पहिली खुर्ची आपटली. मग पाच-सात एकदम. मग ते सगळं सुरू झालं, लुगडी, चपला, कॅन्टीनच्या दारातून आलेला तळणाचा वास. शेजारी आईचे हात खुर्चीच्या दांड्यांवर गेले. शरीराला पन्नास वर्षांची सवय. ती अर्धी उठली, तिने मुलीचा हात पाहिला, त्याच्या उलटण्यासुलटण्याकडे क्षणभर पाहत राहिली, आणि तिच्याही उजव्या हाताची करंगळी शालीखाली हललेली कोदैला दिसली. “मला नाही गं जमायचं,” आई पुटपुटली, आणि खुर्च्यांच्या पाठी धरत धरत, इतरांच्या मागून, बाहेर गेली.

कोदैने आठ सोडले नाहीत. पहिल्या रांगेत ती आणि चार खुर्च्यांपलीकडे मान टाकून झोपलेले वांछिनाथन. सभागृह रिकामं झालं तसा आवाज भिंतीवरून परत येऊ लागला. वरदनने उजवा हात हलका केला, मनगट डाव्या तोंडावर दाबलं आणि आवाज वर नेला. आतून एखादं जनावर झोपेत बोलावं तसा. ही डावी. हीच. हजार हातांतून तिने काढून दिली असती. अकरा कॅसेटींत जी सापडली नाही ती इथे होती, जशीच्या तशी, पोस्टमास्तरांच्या मुलाच्या मनगटात, जिथे ती रोज पहाटे सहा वाजता, राजा म्हणत म्हणत, ठेवली गेली होती. वरदनने वर पाहिलं. त्याला समोर एकच हात चाललेला दिसला आणि तो त्या हाताकडे बघून वाजवू लागला. शेवटचा तुकडा आला. पहिल्यांदा. दुसऱ्यांदा. तिसऱ्यांदा तिचा हात उलटा झाला, टाळीला खाली आला, टाळी रिकामी गेली, आणि ते दोन ठोके पडले. दारातून लोक पेले हातात घेऊन, तोंड पुसत, परत येत होते. “कसं झालं?” मागच्या रांगेतल्या बाईंनी बसता बसता तिला विचारलं. गाणं अजून संपलं नव्हतं. करंगळी टेकायची होती.